श्वासाला लावलेला कौल

आईनं कौल लावला तो देवगडकडच्या गावी, ग्रामदेवतेसमोर. लेकीनं लावला तो विरारजवळच्या आगाशीत, योग शिकवणाऱ्या लिडिया टीचरांच्या ओसरीवर, शवासनात पडून. आईचा उजवा आला. लेकीचाही उजवा आला. पंचाईत एवढीच, की दोन कौलांची तोंडं दोन दिशांना होती. आणि आपण कौल लावतोय हे लेकीच्या तर गावीही नव्हतं.

आईचा कौल साधा होता. मनोरमाबाईंनी गावाकडच्या भावाला फोन करून सांगितलं, डोंबिवलीच्या कौस्तुभचं स्थळ क्षितिजासाठी करू का म्हणून देवीला विचार. गुरवानं मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी आधी पडली. उजवी म्हणजे होकार. झालं. येत्या रविवारी विरारला चंदनसारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सुपारी फुटायची होती. चार माणसांदेखत सुपारी फुटली की शब्द गेला. मग मागे फिरणाऱ्याचं नाक कापलं जातं.

"पाकळी पडते ती पाणी सुकलं की," क्षितिजा तेव्हा म्हणाली होती. "चिकटपणा कमी झाला की गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. देवीचा काय संबंध?"

"मग तुझ्या गुरुत्वाकर्षणानं डावी का नाही पाडली गो?" आईनं विचारलं.

क्षितिजा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. वसई पूर्वेला एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायचं तिचं काम. गोळीत औषध नेमकं किती आहे, ती पाण्यात किती वेळात विरघळते, हे तपासून ती बॅच पास किंवा नापास करायची. हातातल्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय ती घरी खोबरेल तेलही लावत नसे. कौस्तुभलाही तिनं असंच तपासून पाहिलं होतं. बँकेत नोकरी, बोलणं नीट, कांदेपोहे खाताना तिच्या कामाबद्दल तीन धड प्रश्न विचारणारा. नापास करावं असं काही सापडेना. तरी याच्याशी लग्न करावंसं तिला वाटत नव्हतं. कारण नसताना नाही कसं म्हणायचं, ते मात्र तिला कुठल्याही प्रयोगशाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

अशात बद्दीचं निघालं. तिचे वरिष्ठ गॅब्रिएल सर म्हणाले, "कंपनी हिमाचलमध्ये नवा कारखाना काढतेय, बद्दीला. तिथली लॅब तू सांभाळशील का? विचार करून सांग."

विचार करायचा तर तो लिडिया टीचरांच्या ओसरीवर, असा क्षितिजाचा आता रिवाजच झाला होता. लॅबमध्ये उभं राहून कंबर धरली म्हणून ती दोन वर्षांपूर्वी तिथं जायला लागली. लिडिया टीचरांनी सगळं आयुष्य शाळेत पोरांची कवायत घेतली. निवृत्तीनंतर दमा जडला, डॉक्टरांनी प्राणायाम सांगितला, आणि बाईंनी योगाचीच कवायत सुरू केली. वाडीतल्या घराच्या ओसरीवर पहाटे चटया पडत. देवळाच्या आळीतल्या बायका येत, चर्चच्या गायनमंडळातल्याही येत.

"फादरांनी विचारलं मला," टीचर सांगायच्या, "लिडिया, हे काय चालवलंयस? मी म्हटलं, फादर, तुमचे गुडघे दुखतात ना, तुम्ही पण या."

"आले?"

"नाही. पण गुडघे अजून दुखतात."

आसनं झाली की त्या सगळ्यांना आडवं पाडायच्या. "श्वास बघा. सुधारू नका. आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघा. मन पळालं तर पळू दे, परत आणा. रागावू नका त्याच्यावर, ते पहिलीतलं पोर आहे." क्षितिजाला हे जमलं. इतकं जमलं, की श्वास कंठाशी अडकलाय, छातीत आहे की पोटापर्यंत उतरलाय, हे ती डोळे मिटून सांगू शकायची.

आणि तिथंच तिला युक्ती सुचली. श्वास एकदा संथ झाला की एक गोष्ट मनात आणायची आणि तो काय करतो ते पाहायचं. कौस्तुभ आणला, तर श्वास कंठाशी चढायचा, दात आवळले जायचे. बद्दी आणलं, तर तोच श्वास लांब व्हायचा, थेट बेंबीपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. जो निकाल पुन्हा पुन्हा तसाच येतो त्यावर विश्वास ठेवायचा, हे तर तिला कॉलेजपासून पढवलेलं. तिनं गॅब्रिएल सरांना "बहुतेक हो" सांगून टाकलं. बाबांच्या कानावर बदलीचं नुसतं घातलं, आणि घरी शनिवारी ठामपणे सांगायचं ठरवलं, की कंपनी पाठवतेय, दोन वर्षं तरी लग्नाचं जमणार नाही. कुणाला नाही म्हणायला नको, कुणाला वाईट वाटायला नको.

शुक्रवारी सकाळी बाकीच्या बायका गेल्यावर तिनं टीचरांना हे सांगितलं. टीचर वाडीतून खुडलेली विड्याची पानं बाजारात विकायला निवडत होत्या.

"तुमच्या शिकवण्यानं माझा निर्णय झाला, टीचर."

टीचरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक डागाळलेलं पान बाजूला टाकून म्हणाल्या, "हा तर कौल झाला."

"कौल कसा? हे माझं शरीर सांगतंय."

"शेजारच्या म्हात्रेवहिनी फुलाला विचारतात, तू श्वासाला विचारलंस. मी तुला श्वास बघायला शिकवलं, पोरी. त्याला कौल लावायला नाही."

क्षितिजाला राग आला. "फुलाचं काय, एकदाच पडतं. मी कितीदा करून पाहिलं."

"बरं. बद्दीला हाताखाली माणसं किती?"

"ते अजून..."

"यंत्रं कुठली? नवी की इथली जुनी?"

"विचारलं नाही."

"गाव कसंय?"

"थंड आहे म्हणतात."

"माझ्याकडून वाडीतली केळी घेताना एकेक दाबून बघतेस," टीचर म्हणाल्या. "मी कधी काही बोलले नाही, पण बघतेस. आणि अख्खं बद्दी न दाबता घेतलंस?"

वर त्या हसल्या, त्यामुळे क्षितिजाला आणखीच राग आला. चप्पल घालून ती तरातरा एसटीच्या थांब्यावर आली. विरारची गाडी यायची होती. बाकड्यावर एक कोळीण टोपली मांडीशी घेऊन बसली होती, तिच्या शेजारी क्षितिजा टेकली. राग छातीत धडधडत होता. सवयीनं तिनं डोळे मिटले, धडधड जरा खाली बसू दिली, आणि मग तिच्यातली रसायनवाली जागी झाली.

तुलनेचा प्रयोग कुठं केला होता आपण? नवं औषध परिणाम करतं म्हणायचं तर काही जणांना नुसती साखरेची गोळी देऊन बघावं लागतं. तिनं साखरेची गोळी शोधली. समजा, बद्दी नाहीच. समजा, कौस्तुभचीच बदली गुवाहाटीला झाली. श्वास लांब झाला, बेंबीपर्यंत. समजा, डोंबिवलीच्या लोकांच्या घरी सुतक आलं आणि रविवार पुढे गेला. बेंबीपर्यंत. समजा, मला टायफॉइड झाला, तापानं फणफणलेय, सलाइन लावलंय. श्वास अगदी सुखानं उतरला.

टायफॉइडलाही उजवा कौल. क्षितिजाला एकटीलाच खुदकन हसू फुटलं. कोळणीनं टोपली जराशी पलीकडे सरकवली.

म्हणजे श्वासाला बद्दीतलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त येता रविवार कळत होता. रविवार जो कोणी टाळेल त्याला तो पास करत होता. एका चंचुपात्रात दोन द्रव्यं मिसळलेली असताना ती एकाचं मोजमाप काढायला बसली होती. लॅबमध्ये नव्या मुलानं असं केलं असतं तर तिनं सगळं मोरीत ओतून पुन्हा सुरुवात करायला लावली असती. आधी एक द्रव्य वेगळं काढ, मग दुसरं मोज.

गाडी आली. तिकीट काढतानाच तिचं ठरलं होतं. कारखान्यात पोचल्यावर तिनं आधी कौस्तुभला बँकेत फोन लावला.

शनिवारी दुपारी तो विरारला आला. स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे दोघं समोरासमोर बसली. क्षितिजाचा श्वास कंठाशी होता. तिनं श्वासाकडे पाहिलं, तसाच राहू दिला. तो शांत होईपर्यंत थांबली असती तर समोरचा डोसा संपून बिल आलं असतं.

"मला हे लग्न करायचं नाही," ती म्हणाली. "उद्या सुपारी फुटायच्या आत तुला सांगायला हवं होतं."

कौस्तुभनं हातातला घास खाली ठेवला. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"दुसरं कोणी आहे?"

"नाही."

"मग तुझे बाबा फोनवर बोलले ती बदली? हिमाचलची? त्याचं काही नाही, क्षितिजा. मी थांबतो दोन वर्षं."

ही वाट तिनं स्वतःच आखून ठेवली होती. नुसती मान हलवली असती तरी आजचा दिवस सगळ्यांना गोड गेला असता, आणि हा माणूस दोन वर्षं डोंबिवलीत वाट बघत बसला असता.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "बदलीचा संबंध नाही. मी इथंच राहिले तरी उत्तर हेच आहे. तुझ्यात खोट नाही. मला तुझ्याबरोबर संसार करावासा वाटत नाही, एवढंच."

त्यानं चटणीची वाटी बाजूला सारली. "हे तू गेल्या महिन्यात सांगितलं असतंस तर आईनं साडी घेतली नसती."

"हो."

"एवढंच? हो?"

"खरं आहे म्हणून हो म्हटलं. तुझ्या आईंना मी स्वतः फोन करते."

"नको, मी बघतो," असं म्हणून तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला, आपल्या डोशाचे पैसे टेबलावर ठेवले आणि गेला. क्षितिजाचा श्वास अजूनही कंठाशीच होता. पण वाक्यं सगळी बोलून झाली होती.

घरी जे व्हायचं ते झालं. मनोरमाबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच बोलत राहिल्या. "कौल उजवा होता. देवीपेक्षा शहाणी झालीस तू."

वडील, सुधाकरराव, खुर्चीत बसून होते. "लोकांना मी काय सांगू?"

"सांगा, मुलगी नाही म्हणाली."

"कंपनीनं लांब पाठवलं म्हटलं तर बरं दिसेल. खोटंही नाही."

"खोटं आहे, बाबा. बद्दीचं अजून ठरलेलंच नाही."

आतून भांड्याचा आवाज थांबला. "म्हणजे?" मनोरमाबाई दारात आल्या. "लग्नपण नाही नि नोकरीपण नाही? मग गो सकाळी उठून तिथं आगाशीला करतेस तरी काय?"

सुधाकररावांना नको त्या वेळी हसू आलं. त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. थोड्या वेळानं पेपराआडून म्हणाले, "मी डोंबिवलीला फोन करतो. तू शेजारी बस. मी अडखळलो तर तू बोल."

ते अडखळले. ती बोलली.

पुढचे दोन दिवस ती ओसरीवर नुसती श्वास बघत पडली. काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बद्दी आपणहून मनात आलं. श्वास ना चढला, ना उतरला, होता तसा चालत राहिला. आता ती नुसती एक नोकरी होती, आणि नोकरीबद्दल विचारायच्या गोष्टी तिच्या मनात भराभर रांगेला लागल्या.

गॅब्रिएल सर डबा उघडत होते तेव्हा ती त्यांच्या केबिनमध्ये शिरली. माणसं किती, यंत्रं कुठली, पाणी कसलं येतं, राहायची सोय काय. सर चपातीचे तुकडे मोडत उत्तरं देत गेले. मग तिनं विचारलं, "बॅच नापास करायची सही कुणाची?"

"तिथं सध्या प्लांट हेडची. तू रिपोर्ट द्यायचास, ते ठरवणार."

"प्लांट हेड म्हणजे ज्यांना महिन्याचं उत्पादन पुरं करून दाखवायचंय, तेच?"

"क्षितिजा, आठवड्यापूर्वी तू हो म्हणालीस. तेव्हा तुला एक प्रश्न नव्हता."

"तेव्हा मी नोकरीबद्दल विचारच करत नव्हते, सर. आता करतेय. इथं मी नापास म्हटलं की तुमच्याशिवाय कोणी ते फिरवू शकत नाही, आणि तुम्ही अजून फिरवलेलं नाही. तिथंही सही लॅबची असेल तर मी जाते. नसेल तर नाही."

सरांनी डब्याचं झाकण लावलं. "हेड ऑफिसला हे आवडणार नाही."

"विचारून तर बघा."

त्यांनी तिच्यादेखत फोन लावला. दोन मिनिटं "हो, हो, पण ऐका" असं चाललं, मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी रिसीव्हर तिच्यापुढे केला. "तूच सांग."

छातीत धडधड सुरू झाली. तिनं ती पाहिली आणि बोलायला लागली. सही लॅबचीच हवी, हे वाक्य तिनं गिळलं नाही. पलीकडचे साहेब म्हणाले, एवढा हट्ट कशाला, सहीवर काय अडलंय. ती म्हणाली, माणसं गोळी खातात ती सहीवरच विसंबून. मग पुन्हा गॅब्रिएल सरांना द्या म्हणाले. सरांनी ऐकलं, "लेखी पाठवा" म्हटलं, आणि रिसीव्हर ठेवला.

"मिळाली तुला सही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात निघायचं. थंडीचे कपडे आहेत का?"

"घेईन."

ती दाराकडे वळली तसं त्यांनी हाक मारली. "आणि नाही म्हणाले असते तर?"

"तर इथंच, सर. टेबलावर पॅरासिटामॉलची बॅच आलीय, ती करायला घेतली असती."

"मग आता?"

"आताही तीच घेतेय," क्षितिजा म्हणाली, आणि पांढरा कोट चढवून लॅबमध्ये गेली.