पुरी जागा

हर्षाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, काउंटरवरच्या काळ्या डब्याकडे पाहत बसलेल्या भैय्यालालला त्या दिवशी बरंच काही मिळणार होतं. घरातली शोकेस मोकळी होणार होती. तिच्यात त्याने सात हार्ड डिस्क देवांसारख्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्या जागेवर त्याच्या बायकोचा, तुळसावहिनीचा, कधीपासून डोळा होता. पुण्याची पोरगी भावना तिकडूनच, स्वतःच्या फोनवर, बापाने शूट केलेलं हवं ते लग्न पाहू शकणार होती. कोणी पाहायला आलं की ही डिस्क लाव, ती वायर काढ, यात भैय्यालालचा जाणारा अर्धा तास वाचणार होता. वर पैसे भावनाच भरणार होती. इतका फायद्याचा सौदा म्हणजे त्यात कुठेतरी भोक असणारच, आणि ते शोधायला माझ्यासारखा माणूस सोबत हवा, असं माझं मत पडलं. म्हणून मीही भंडाऱ्याला गेलो होतो.

माझं तीस वर्षांचं आयुष्य धान खरेदी केंद्राच्या काट्यावर गेलं. शेतकऱ्याने चाळीस किलोचा कट्टा आणला तर कागदावर तो चाळीसचा कधी उतरत नसे. बारदान्याची कपात, ओलाव्याची कपात, काडीकचऱ्याची कपात. ती कुठे आणि कशी करायची हे मला शिकवलं गेलं आणि मीही पुढच्यांना शिकवलं. त्यामुळे कपात मला दुरून वास आल्यासारखी कळते.

भैय्यालालचं उलट. त्याला आयुष्यात कधी कोणाचं काही कापता आलं नाही, स्वतःच्या शूटिंगमधलंसुद्धा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी आमच्या जुन्या गावात अठरा वर्षं त्याने लग्नं शूट केली. दोनशे बारा. शूटिंगवाला म्हणून तो सुमारच. नवरी मंडपात यायची तेव्हा याचा कॅमेरा मंडपाबाहेरच्या विहिरीवर. वरातीत नाचणाऱ्यांपेक्षा बाजूच्या भिंती जास्त. लोक पैसे देताना कुरकुरत, "भैय्यालाल, आमचं लगन होतं का तुह्या गावाचा सर्वे?" मग गाव गेलं, आम्ही पुनर्वसनाच्या वसाहतीत आलो, आणि तीच खोड सोन्याची ठरली. गल्ल्या, ओटे, बौद्ध मोहल्ल्यातला विहाराचा रस्ता, तलावाची पाळ, सगळं त्या लग्नांच्या मागे उभं होतं, आणि आता तेवढ्यातच उभं होतं. टिनाच्या शेडात ठेवलेल्या कॅसेटींना बुरशी लागली, पण त्याआधी त्याने नागपूरला जाऊन सगळं डिस्कवर उतरवून घेतलं होतं. लोकांच्या घरच्या कॅसेटी सामान हलवताना कुठे गेल्या, कोणालाच ठाऊक नाही.

"काका, यात दोन डिस्क बसतात," हर्षा सांगत होती. चाळिशीची बाई, बोलणं नीट, घाई नाही. "चार-चार टीबीच्या. वायफायले जोडून ठेवायचा, मंग घरातला टीव्ही म्हना, पोरीचा फोन म्हना, सगळीकडे दिसते. तुमचा माल किती हाये?"

"साडेतीन टीबी," भैय्यालाल म्हणाला. हा आकडा त्याला स्वतःच्या वयासारखा पाठ होता.

"मंग आरामात बसते. एका डिस्कवर जे लिहिलं, तेच दुसरीवर आपोआप लिहिल्या जाते. एक बिघडली तं दुसरी हाये. घरच्या वापराले असंच ठेवा."

मला वास आला.

"थांब बाई. म्हंजे पैसे दोन डिस्कचे, अन् जागा एकीची?"

"हो काका, पन—"

"आठ घेतले, चार भेटले. बाकीचे चार कोनी खाल्ले?"

"कोनी नाई खाल्ले. ते सांभाळून ठेवले हायेत."

"आमी बी शेतकऱ्याले असंच सांगत होतो."

हर्षा हसली. भैय्यालाल हसला नाही. तो डब्यावर हात ठेवून होता.

"पुरी जागा पाहिजे असन तं तसंही लावून देता येते," ती म्हणाली. "आठच्या आठ. पन मंग प्रत्येक फाइल अर्धी इकडं, अर्धी तिकडं. एक डिस्क गेली का दोन्ही गेल्या समजा. मी माह्या घरी नाई लावनार तसं."

"नवीकोरी डिस्क कायले जाईन?"

"जाते, काका. नवीही जाते."

"मंग इकून कायले राहिली?"

भैय्यालाल हळूच म्हणाला, "सोमाजी, मले तं चार बी पुरते."

"आज पुरते. उद्या नातवाचं बारसं होईन, त्याचं लगन होईन."

"मले नातू कुठं हाये अजून?"

"म्हनूनच जागा पाहिजे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. शाळेपासून हिशेब मीच करत आलो होतो, तो फक्त पाहत आला होता. "बरं," तो हर्षाला म्हणाला, "सोमाजी म्हनते तसं करा. पुरी जागा." हर्षाने लावून दिलं. निघताना तिने एवढंच बजावलं, "जुन्या सात डिस्क मोडू नका. पेटीत टाकून ठेवा."

त्या मी महिन्याभरात पवनीच्या एका लग्नवाल्या शूटरला विकून दिल्या. घरात ठेवून काय लोणचं घालायचं होतं? त्याने पुसून त्यांच्यावर नवी लग्नं भरली. शोकेसमध्ये तुळसावहिनीने काचेचे ग्लास मांडले आणि मला दोनदा चहा पाजला.

अकरा महिने सुखाचे गेले. सगळ्यांत जास्त वसूल केलं ते कुंताबाईने. दर आठवड्याला अड्याळच्या बाजारातून परतताना ती पिशवी दाराशी ठेवायची आणि सांगायची, "भैय्यालाल भाऊ, वीरेंद्रचं लगन लावा जरा." वीरेंद्रशी तिचं काही नातं नव्हतं. त्याची वरात जुन्या गावात तिच्या ओट्यासमोरून गेली होती, आणि ओट्यावर तिचा नवरा केवळराम मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसला होता. बॅन्ड वाजतो, पोरं नाचतात, हा मान वर करत नाही. एका बिडीला दोरा गुंडाळतो, पान घेतो, कात्रीने कापतो. तोवर वरात पुढे. अकरा सेकंद. केवळराम वारला त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि मागे राहिलेला एकच फोटो मतदान कार्डावरचा, पण तो चेहरा त्याचा आहे असं कुंताबाई मानायला तयार नव्हती.

"पाहा ना," ती म्हणायची, "एवढा बाजा वाजून राहिला, अन् हा मानूस वर पाह्यत नाई."

"कामाचा होता," भैय्यालाल म्हणायचा.

"कायचा कामाचा. वीरेंद्रच्या बापासंग बोलनं बंद होतं त्याचं." आणि ती हसायची. मग पुन्हा एकदा लावायला सांगायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी भैय्यालालचा फोन आला. "सोमाजी, डब्बा टिकटिक करून राहिला."

जाऊन पाहिलं तर निळा दिवा जाऊन लाल लागला होता. आत कोणीतरी नखाने दार खरवडावं तसा आवाज. बंद केला, चालू केला. तुळसावहिनीने पंखा लावला. मी वरून दोन थापा मारल्या. अडलेल्या काट्याला मी तसंच करत असे.

दुसऱ्या दिवशी हर्षाने डबा उघडला, एक डिस्क कानाशी धरली आणि खाली ठेवली.

"दुसरी चांगली हाये ना?" मी विचारलं.

"चांगली हाये काका. पन तिच्यात नुसते तुकडे हायेत. त्यातून काही दिसनार नाई."

तिने नागपूरला एका जाणकाराकडे डिस्क पाठवली. पाच आठवडे भैय्यालाल रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा आणि फोन पालथा ठेवायचा. भावनाला विचारलं, काही उतरवून ठेवलं होतं का. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याजवळ होतंच ना सगळं, मी कायले उतरवू?" पवनीच्या शूटरकडे गेलो. त्याने भल्या माणसासारख्या सातही डिस्क लावून दाखवल्या. सगळ्यांत ड्रोन, फुगे आणि हळदीत नाचणाऱ्या नवऱ्या. भैय्यालालने प्रत्येक डिस्कमधली एकूणएक फाइल उघडून पाहिली. मी दोनदा म्हटलं चल. तो उठला नाही.

नागपूरहून निरोप आला की डिस्कच्या आतली तबकडीच खरवडली गेली आहे, काही निघणार नाही. त्यानंतर आठच दिवसांत कंपनीकडून वॉरंटीत नवी डिस्क आली. चार टीबी, सीलबंद, एक पैसा न घेता. या वेळी हर्षाने न विचारता दोन्ही डिस्क एकमेकींची नक्कल करतील अशा लावून दिल्या. दोन्ही रिकाम्या.

इतके आठवडे 'डब्बा दुरुस्तीले गेला' म्हणून परत पाठवलेली कुंताबाई बाजाराच्या दिवशी पुन्हा आली. मी तिथेच खुर्चीवर चहा पीत होतो. तिने पिशवी ठेवली आणि नेहमीसारखं वीरेंद्रचं लगन लावायला सांगितलं. भैय्यालाल उभा राहिला.

"आता नाई दिसत, कुंताबाई."

"मंग कवा दिसन?"

"नाई दिसन. मिटलं सगळं."

"काहून?"

"दुकानवाली बाई सांगत होती, दोन ठिकानी ठेवा म्हनून." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच नाई ऐकलो. मले पुरी जागा पाहिजे होती."

मधे बोलायला मला भरपूर वेळ होता. कुंताबाई बंद टीव्हीकडे पाहत बसली होती. मी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला.

"तुमच्याजवळ हाये म्हनून मी निश्चिंत होती, भाऊ," ती म्हणाली. तुळसावहिनीने आणलेला चहा तिने घेतला नाही. पिशवी उचलून गेली.

कोणाचं किती गेलं ते सांगतो. कंपनीची एक डिस्क गेली. भावनाचे पैसे गेले. नागपूरच्या कुरिअरचे पैसे हर्षाने न सांगता स्वतः भरले, ते मागाहून कळलं. वसाहतीतले लोक भैय्यालालच्या मागे बोलतात, की धरणाने गाव एकदा बुडवलं, याने दुसऱ्यांदा. ते त्याच्या कानावर गेलं आहे आणि त्याने त्यात दुरुस्ती केलेली नाही. कुंताबाईचे अकरा सेकंद गेले.

माझं काहीच गेलं नाही. बाजाराच्या दिवशी कुंताबाई भैय्यालालच्या दारावरून मान खाली घालून निघून जाते, आणि दोन घरं पुढे माझ्या दाराशी आली की पिशवी या हातातून त्या हातात घेत विचारते, "जेवन झालं का, सोमाजी भाऊ?"