पुढचा बार हाच

साबिनला खुर्चीत बसवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. बिल्बाओच्या जुन्या गल्ल्यांत तो आणि त्याचे तिघे दोस्त रोज दुपारी जेवणाआधी फिरायला निघत. फिरायचं म्हणजे एका बारमध्ये शिरायचं, काउंटरला कोपर टेकायचं, घोटभर वाइन आणि काडीला टोचलेला एखादा घास घ्यायचा, आणि ग्लास रिकामा झाला की कुणीतरी "चला" म्हणायचं. की लगेच पुढचा बार. तिथंही तेच. बारमधल्या खुर्च्या दमलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी असतात, असं या मंडळींचं ठाम मत होतं. एकाच ठिकाणी दोन ग्लास घेणारा माणूस त्यांच्या लेखी बाकीच्या बारवाल्यांचा गुन्हेगार.

अशा माणसाच्या पोटी गारासी जन्मली, आणि तिनं नदीपलीकडच्या नव्या वस्तीत बसून खायचं हॉटेल काढलं. घास तेच, बापाच्या आवडीचे. पण ते यायचे लहानलहान बशांतून, एकामागून एक अकरा, पांढऱ्याशुभ्र टेबलावर. तिथं जागा मिळावी म्हणून लोक महिनाभर आधी फोन करत. वर्तमानपत्रात तिचा फोटोसुद्धा आला होता. साबिननं तो कापून पाकिटात ठेवला, चारचौघांना दाखवला, आणि हॉटेलाची पायरी मात्र चढला नाही. आधी म्हणाला, थंडी सरू दे. मग म्हणाला, गुडघा दुखतोय. गुडघा खरं तर त्याच्या दोस्ताचा, चोमिनचा दुखत होता.

शेवटी गारासीनं फोन केला. "बाबा, रविवारी दुपारी खिडकीजवळचं टेबल तुमच्या चौघांसाठी ठेवलंय. अकराच्या अकरा बशा खा, मग काय नावं ठेवायची ती ठेवा. पण या वेळी आला नाहीत ना, तर मी पुन्हा विचारायची नाही."

लेकीची हनुवटी बापावर गेली होती आणि हट्टही. ती खरंच विचारणार नाही, हे साबिनला पक्कं माहीत होतं. म्हणून रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो पूल ओलांडून गेला. सोबत कार्मेलो होता, जन्मभर खाटकाचं दुकान चालवलेला आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवणारा. गुडघेदुखीवाला चोमिन होता. आणि एरामुन होता, जो दिवसातून फार तर दोन वाक्यं बोलायचा.

चौघं टेबलाशी असे बसले, जणू दात काढायला आलेत. कोपरं कुठं ठेवायची तेच कुणाला कळेना.

"ही खुर्ची मऊ आहे रे," कार्मेलो कुजबुजला. "मऊ खुर्चीत माणसाला झोप लागते. मग बिल वाढवतात."

"बिल नाहीये," साबिन म्हणाला.

"मग तर नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे."

पहिली बशी आली. खारवलेल्या कॉड माशाचा एक तुकडा आणि भोवती दाट, फिकट पिवळा रस्सा. तेल आणि माशाचा चिकटपणा एवढ्यावरच हा रस्सा उभा राहतो. त्यात चमचा घालायचा नसतो, भांडंच हलवत राहायचं असतं. साबिनची बायको तसंच करायची, मनगट दुखेस्तोवर. त्यानं पहिला घास घेतला. दुसरा घास त्यानं मान खाली घालूनच संपवला. मग ग्लास रिकामा केला.

कार्मेलोनं तोंड पुसलं आणि रुमाल जमिनीवर टाकला. बारमध्ये कागदी रुमाल असाच टाकतात. हा रुमाल कापडी होता आणि जमीन लखलखीत लाकडाची होती, पण हात कुठं एवढा विचार करतो?

"चला," कार्मेलो म्हणाला.

आणि चौघं उठून चालते झाले.

वाढणारी मुलगी दुसऱ्या बशा घेऊन आली आणि टेबलाजवळ थबकली. तिनं रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग रुमालाकडे, आणि बशा तशाच परत नेल्या.

कोपऱ्यावरच्या साध्या बारमध्ये चौघांची कोपरं काउंटरला टेकली तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. चोमिन हवापाण्याचं बोलला. कार्मेलोनं ऑलिव्ह आणि मिरची टोचलेली काडी उचलली. एवढ्यात एरामुननं तोंड उघडलं.

"बशा अकरा होत्या ना?"

कार्मेलोची काडी तोंडापाशीच थांबली.

"आपण किती खाल्ल्या?" चोमिननं विचारलं.

"एक," एरामुन म्हणाला. त्याची आजची दोन वाक्यं संपली.

साबिनचा चेहरा पडला. पोरीला काय वाटलं असेल, हे त्याला तिथं उभ्याउभ्या लख्ख दिसलं. बाप आला, एक बशी चाखली, आणि शब्द न बोलता उठून गेला. त्यापेक्षा आला नसता तर बरं होतं.

"सवयीनं म्हणालो रे मी," कार्मेलो रडवेल्या आवाजात म्हणाला. "चल, मी तिच्या पाया पडतो."

"तू इथंच थांब. तू आधीच पुष्कळ केलंस," साबिन म्हणाला आणि ग्लास भरलेलाच सोडून निघाला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

स्वयंपाकघरात गारासी शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. भांडं हलवत होती. बापाची चाहूल तिला लागली, पण ती वळली नाही.

"मीठ जास्त झालं?"

"नाही."

"मासा कच्चा राहिला?"

"नाही गं."

"मग?"

"कार्मेलो 'चला' म्हणाला."

"आणि तुम्ही उठलात."

"मी नाही उठलो, पोरी. पाय उठले." बोलणं हा साबिनचा प्रांत नव्हता, पण आज गप्प राहून भागणार नव्हतं. "ऐक. तू बसून जेवायला बोलावलंस, तेव्हाच मला धडकी भरली होती. तुझी आई गेल्यापासून आजवर मी टेबलाशी बसलोच नव्हतो. घरीसुद्धा ओट्याशी उभा राहूनच खातो. बसलं की समोरची खुर्ची दिसते."

भांडं हलायचं थांबलं. गारासी वळली. तिचे डोळे लाल झाले होते.

"मला वाटायचं, माझं जेवण तुम्हाला शोभेची वस्तू वाटतं."

"ते तर वाटतंच," साबिन म्हणाला. "एवढ्या मोठ्या बशीत एवढासा मासा. पण तुझ्या आईचा हात आहे त्याला. खोटं कशाला बोलू?"

गारासी हसली आणि रडलीही, आणि दोन्ही एकाच बाहीला पुसलं. मग तिच्यातली साबिनची लेक जागी झाली.

"बाहेर जा," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"बाहेर जा, दोस्तांना गोळा करा, इमारतीला एक चक्कर मारा आणि परत या. दाराजवळ काउंटर आहे, तिथं उभे राहा. पुढचा बार हाच. त्याच्या पुढचाही हाच. बशा संपेपर्यंत हाच."

झालं. त्या रविवारी नव्या वस्तीतल्या लोकांनी चार म्हाताऱ्यांना एकाच इमारतीभोवती पुन्हा पुन्हा फिरताना पाहिलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, पण बिल्बाओत त्याला कुणी पाऊस म्हणत नाही. दर फेरीला चौघं आत यायचे, उभ्यानं एक बशी आणि घोटभर वाइन संपवायचे, कार्मेलो "चला" म्हणायचा, की पुन्हा बाहेर. खेकड्याची बशी झाली, अळंब्यांची झाली, हेक माशाच्या गळ्याखालच्या लुसलुशीत मांसाची झाली. कार्मेलोला आता चेव आला होता. दर वेळी तो नव्या बारमध्ये आल्यासारखा इकडंतिकडं बघायचा.

"हा बार बरा दिसतोय हं. मागच्या ठिकाणची मालकीण फार तापट होती."

"असेल," गारासी आतून म्हणायची. "गिऱ्हाईकं तशी येत असतील तिच्याकडं."

चोमिन गुडघ्यामुळं लवकरच फितूर झाला. तो दाराबाहेर आडोशाला उभा राहायचा आणि बाकीचे आले की त्यांच्यासोबत धापा टाकत शिरायचा. मोत्यांची माळ घातलेल्या एका बाईंनी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, की हेही जेवणातच येतं का. त्यांच्या नवऱ्यानं मात्र काही विचारलं नाही. कोट चढवला आणि पुढच्या फेरीला तो मंडळींबरोबर निघाला.

शेवटच्या बशीत मेंढीच्या दुधाचं दही होतं, किंचित करपल्या वासाचं, डोंगरावरच्या घरांत लावतात तसं. कार्मेलोनं बशी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाला, "चला."

"तुम्ही व्हा पुढं," साबिन म्हणाला.

कार्मेलो त्याच्याकडं बघतच राहिला. "चला" म्हटल्यावर कुणी मागं राहिलंय, असं त्यांच्यात घडलं नव्हतं.

"बरं वाटत नाहीये का रे तुला?"

"बरं वाटतंय."

एरामुननं कार्मेलोचं कोपर धरलं आणि त्याला बाहेर नेलं.

दुपार उतरली होती. शेवटची गिऱ्हाईकं कोट घेऊन निघाली. गारासी हात पुसत बाहेर आली आणि बापासमोर उभी राहिली. वर्तमानपत्रात काय छापून येईल याचीही तिनं एवढी धास्ती घेतली नव्हती.

"झाल्या अकरा," ती म्हणाली. "आता सांगा."

साबिननं तिच्याकडं पाहिलं. कपाळावर चिकटलेले केस, मनगटावर भाजल्याचा ताजा डाग, चेहरा उतरलेला. मघापासून तो बशांकडंच बघत होता. पोरीकडं आता बघत होता.

"तू जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"सकाळी कॉफी घेतली होती."

"म्हणजे नाही."

"बाबा, मी विचारतेय काय आणि तुम्ही..."

"ये इकडं."

तो खिडकीजवळच्या टेबलाशी गेला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. वाढणाऱ्या मुलीला त्यानं कॉडची बशी आणायला सांगितली, आणि पाव. गारासी बसली. बसल्यावर तिला कळलं, आपले पाय किती दुखताहेत ते. बशी आली. तिनं पावाचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घालणार तोच समोरची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिनं वर पाहिलं.

"बाबा, तुम्ही बसलात."

"खा आता," साबिन म्हणाला आणि तिच्याच बशीतला पाव मोडून घेतला. "गार होतंय."