पिवळा बाक, रस्त्याकडे तोंड

मित्रांनो, मी बाक आहे. पिवळा. हा रंग मी मागितला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

बाक होण्याआधी मी आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या सरोवरात एका होडीच्या फळ्यांच्या रूपात होतो. कोळी बवानली याच्या वडिलांची ती होडी. ती फुटली तेव्हा सुतारानं चांगल्या फळ्या निवडून मला घडवलं आणि गावच्या दवाखान्याला दिलं. तेव्हा मी लाकडाच्याच रंगाचा होतो. तापानं फणफणलेले, पाय मुरगळलेले, लस टोचून रडणारी बाळं, सगळे माझ्यावर दाटीवाटीनं बसत. कोण कशाला आलंय, हे कोणी विचारत नसे. ते माझे सुखाचे दिवस.

मग एचआयव्हीच्या औषधांची खोली सुरू झाली. रोज गोळी घ्यायची, ठरल्या दिवशी येऊन तपासून घ्यायचं, की हा आजार असलेला माणूसही नातवंडं खेळवतो. फक्त मधेच सोडायचं नाही. पण त्या खोलीसाठी मला वेगळं काढलं, पिवळा रंग फासला आणि दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून ठेवलं.

"म्हणजे लोकांना लगेच सापडेल," दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले.

सापडला! साऱ्या गावाला सापडला. पिवळ्या बाकावर बसणं म्हणजे काय, हे आठ दिवसांत शेंबड्या पोरालाही कळलं.

एके दिवशी बवानली त्या गोळ्या न्यायला आला. माझ्या कडेला दोरानं घासून पडलेली खाच त्यानं बोटानं चाचपली आणि मला ओळखलं. मला केवढा आनंद झाला! इतक्यात डोक्यावर मासळीची घमेली घेतलेल्या बायका रस्त्यानं आल्या.

"काय हो बवानली, इथं कुणाची वाट बघताय?" जैनाबू ओरडली. "नर्सबाई घावली की काय जाळ्यात?"

सगळ्या हसल्या. मग माझा रंग त्यांच्या ध्यानात आला आणि हसणं एकदम थांबलं. ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं. "सावलीला टेकलो होतो जरा," असं पुटपुटत बवानली उठला. त्यानंतर त्यानं दवाखान्याचं नाव टाकलं.

अशा लोकांना परत आणायचं काम असियातूचं. ती स्वतः अकरा वर्षं त्याच गोळ्या घेते. किनाऱ्यावर हेलपाटे घालून तिच्या चपला झिजल्या. एकदा तिनं त्याला समोरच्या आंब्यापर्यंत आणलं.

"भाऊ, दहा पावलं राहिली."

"ताई, मधे सरोवर असतं तर पोहून आलो असतो. ही दहा पावलं होत नाहीत."

"लाजता कसले? मी नाही का बसत तिथं? मेले का मी?"

"तुझं निभावलं गं. माझ्या हातची मासळी कोण घेईल मग? तो बाक तेवढा हलवा, लगेच येतो."

असियातू साहेबांकडे गेली. "साहेब, बाक मागच्या भिंतीशी ठेवू या. तिथं बाळांचं वजन करायला बायका बसतात. त्यांच्यात कोण कशाला आलंय, कळायचं नाही."

"मदत देणारे पाहुणे येऊन फोटो काढतात, असियातू. बाक खोलीच्या पाटीखालीच हवा. लोक आळशी आहेत, त्याला बाक काय करणार?"

"मग गोळ्या घरी नेऊन देऊ?"

"नियमात बसत नाही."

माझा असा संताप झाला! मी काय करणार म्हणे! अहो, मीच तर आडवा येत होतो.

शेवटी असियातूनं आणि वजनाच्या रांगेतल्या बायकांनी मला ओढत मागे नेलं. पुढच्या चार दिवसांत गोळ्या सोडून गेलेली तीन माणसं परत आली. "सोमवारी येतो," असा बवानलीचाही निरोप आला. पण शनिवारी पाहुणे येणार म्हणून साहेबांनी मला पुन्हा पुढे आणलं, पाहुणे गेले तरी तिथंच ठेवलं. सोमवारी बवानली आला. आंब्याखालून त्यानं मला पाहिलं आणि आला तसाच परत गेला. लाकडालाही रडू येतं, मित्रांनो.

तीन महिन्यांनी त्याला सायकलच्या कॅरियरवर बांधून आणलं. बसायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून त्याला माझ्यावरच आडवं निजवलं. रस्त्याकडे तोंड करून, भर बाजाराच्या वेळी. घमेलीवाल्या बायका आल्या. या वेळी कोणी हसलं नाही. जैनाबूनं घमेलं खाली ठेवलं, कमरेला वरून गुंडाळलेलं जादा कापड सोडलं आणि त्याच्या तोंडावर ऊन येत होतं तिथं धरून उभी राहिली.

तो वाचला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बायकोच्या खांद्यावर हात टाकून घरी जाताना त्यानं एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. जुन्या ओळखीचं काही त्या नजरेत नव्हतं.

येत्या बुधवारी त्याला गोळ्या न्यायला यायचं आहे. मी अजून पाटीखालीच आहे, रस्त्याकडे तोंड करून. मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण एक पाऊल टाकता येत नाही. तुम्हाला येतं. कोणीतरी दोघं या, दोन्ही टोकांना धरा आणि बुधवारच्या आत मला इथून हलवा.