आत्याची गोणपाटं

"माझ्या गोणपाटांकडे बघून चालू नका गं बायांनो," आत्या म्हणाली होती. "एखाद्या दिवशी मीच उठले नाही, तर अख्ख्या गल्लीची रोपं उकडून मरतील."

शिकलेली म्हणून गल्ली जिला कॉलेजवाली म्हणायची, ती सून बाळाचं नाक पुसता पुसता हसली होती. "काहीतरीच काय आत्या! तुम्हाला काय धाड भरलीय?"

आत्या सख्खी कुणाचीच नव्हती, गल्लीची होती. पोरं शहरात, ती गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. थंडी सरली की घरोघर परसात टोमॅटो-मिरचीची रोपं टाकली जायची, आणि नेमकं तेव्हाच आभाळाचं डोकं फिरायचं. सकाळी घाम, दुपारी गारा, रात्री हुडहुडी. म्हणून संध्याकाळी वाफ्यांवर गोणपाट टाकायचं आणि सकाळी काढायचं. केव्हा काढायचं, ते आत्याच्या परसात डोकावून ठरायचं. तिचं उठलं की गल्लीतलं उठलं.

त्या दिवशी ऊन पार पायरीवर आलं तरी आत्याचं गोणपाट जागचं हललं नव्हतं.

कॉलेजवालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळ कडेवर, एक हात गोणपाटाच्या टोकावर. "सासूबाई, काढू का? मोबाईलवर दिवसभर ऊन दाखवतंय."

"मोबाईलला परस आहे का?" सासूबाई झाडू आपटत म्हणाल्या. "आत्यानं झाकून ठेवलंय ना? मग गारा येणार. गप झाकून ठेव."

कुंपणापलीकडून सुतारानं री ओढली. "वहिनी, आत्याच्या गुडघ्याला आभाळ आधी कळतं. माझंही झाकलेलंच आहे."

"अहो, पण आतून वाफ येतेय!"

"येऊ दे. गारांनी झोडपण्यापेक्षा घाम बरा."

ती घरात गेली, परत बाहेर आली. आभाळ धुतल्यासारखं निळं. पान हलत नव्हतं. तिनं गोणपाटाखाली हात घातला. मिरचीची पानं ओल्या फडक्यासारखी हाताला लागली. पुन्हा आत्याच्या परसाकडे बघितलं, तेव्हा तिकडून कोंबड्यांचा कलकलाट कानावर आला. खुराडं अजून बंद होतं.

गारांच्या भीतीनं रोपं झाकतील. पण कोंबड्यांना एवढ्या उन्हापर्यंत दाणे न टाकता कोण कोंडून ठेवेल?

"सासूबाई, बाळाला धरा!"

"अगं, चप्पल तरी—"

ती अनवाणीच धावली. दार आतून लावलेलं. हाका मारल्या, उत्तर नाही. तिच्यामागून सुतार पटाशी घेऊन आला आणि त्यानं कडी उचकटली.

आत्या न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडली होती. संध्याकाळी रोपं झाकून पाय धुवायला गेली, तिथंच घसरली होती. रात्रभर ओरडून आवाज बसलेला. ओठ कोरडे, पण डोळे उघडे होते. कॉलेजवालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्यात बोट बुडवून ओठांवर फिरवलं.

आत्या पुटपुटली, "गोणपाटं काढलीत का गं?"

सुतार पटाशीची धार बघत बसला.

"म्हणजे नाही काढली," आत्या म्हणाली. "मेंढरं सगळी!"

रोपं निम्मीअधिक गेली. आत्या राहिली. कंबरेचं हाड सांधलं. आता ती स्टुलावर बसून काठीनं गोणपाट ओढते. पोरांकडे जाऊन राहा म्हटलं, तर काठी उगारते. रोज सकाळी तिचं गोणपाट हलेपर्यंत कॉलेजवालीच्या घशाखाली चहा उतरत नाही.

पण उद्या ती बाळाला घेऊन माहेरी चाललीय. सासूबाईंना सांगून झालं, सुताराला दोनदा बजावलं, तरी तिची धाकधूक जात नाही. म्हणून ती आता तुम्हालाही सांगतेय: या बाजूला आलात, तर गल्लीच्या टोकाला जरा डोकावा. ऊन वर आलं असेल आणि आत्याची गोणपाटं तशीच असतील, तर आभाळाकडे बघत उभे राहू नका. आधी दार वाजवा.