ओट्यावरचा अभ्यास

माझ्या लेकीनं, मैत्रीनं, पुस्तकाचं पान ओढलं आणि सरळ तोंडात कोंबलं. कागदाचा लगदा मी बोटानं बाहेर काढेपर्यंत ती हसत होती, नुकतेच फुटलेले दोन दात दाखवत. रागवावं तरी कसं?

पुस्तक फळीवर ठेवलं, तिला पदराखाली घेतलं आणि मोबाइल उघडला. माझा नवरा नागसेन शेगावला लॉजवर कामाला आहे. त्यानं बीएची सगळी पुस्तकं मोबाइलवर पाठवली होती. एक हात तिच्या डोक्याखाली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पान सरकवायचं. पुस्तकाला दोन हात लागतात. माझे दोन हात एकदम रिकामे असतात कधी?

पण सासऱ्यांचं, मामाजींचं, म्हणणं वेगळं होतं. पुस्तकांचा संच त्यांनी स्वतः चिखलीहून छातीशी धरून आणला होता, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

"समता, ओट्यावर बसून वाचत जाय. सहदेवची सून बीए करून राह्यली, हे गल्लीले दिसलं पाह्यजे."

मोबाइलमधलं गल्लीला काय दिसणार? सून मोबाइल पाहून राह्यली, एवढंच.

त्या वर्षी बीटीच्या कपाशीतही बोंडअळी शिरली होती. या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून तर सगळ्यांनी ते पेरलं होतं. बोंडं उमलेनात, किडका कापूस नखांनी उकरून काढावा लागे. मजूर त्या वावरात यायला तयार नव्हते. घरातला प्रत्येक हात हवा होता. परीक्षेपर्यंत माझी तेवढी सुटका होती, तीही मामाजींच्या शब्दावर. हे तास गेले की वर्ष गेलं, आणि पुन्हा मला कोणी सोडणार नव्हतं.

एका सकाळी सासूबाई, बनाबाई, वेचणीची दोन फडकी घेऊन आल्या. एक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्यापुढं धरलं.

"चाल. मोबाइलच पाहाचा तं वावरात पाह्य."

"अभ्यास करून राह्यली मी, आत्याबाई."

दारात शेजारच्या गीताबाई उभ्या होत्या. "हाव वं! माहा नातू बी असाच अभ्यास करते. करता करता नाचते बी."

मलाही हसू आलं. ते मी गिळलं.

मामाजी चपला घालता घालता थांबले. "पोरी, पुस्तक घे ना हातात. लोकाइचं तोंड बंद होते."

"अन् मैत्रीले कोण घेईन?"

"मी घेतो."

"तुमच्यापाशी दूध हाय काय, मामाजी?"

गीताबाईंनी तोंडाला पदर लावला. मामाजी मात्र हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "माहा बाप म्हणे, हातात पुस्तक असलं की माणसाले कोणी 'ऊठ' म्हणत नाही."

पण या बोलण्यावर मी पुस्तक उचललं असतं, तर रोजच उचलावं लागलं असतं.

"मंग मले काऊन उठवता?" मी म्हटलं. "वाचते तं मी बी. पास होयासाठी वाचू का दाखवासाठी धरू, तेवढं सांगा. दोन्ही माह्याच्यानं होत नाही. दाखवाले मी बसणार नाही."

फडकं घेतलं नाही. मैत्रीला काखेत मारून ओट्यावर जाऊन बसले, गल्ली वेचणीला निघालेली असताना. तिला पाजायला घेतलं, मोबाइल समोर धरला आणि मोठ्यानं वाचायला लागले. शेतीत राबणाऱ्या बायांच्या कामावरचा धडा होता. बाया थांबल्या. कोणी खुदकन हसलं. मी आवाज खाली येऊ दिला नाही. पान संपलं, अंगठ्यानं पुढचं सरकवलं.

मामाजी उंबऱ्यात उभे होते. मग त्यांनी सासूबाईंच्या हातातलं ते दुसरं फडकं घेतलं आणि स्वतःच्या कमरेला बांधलं.

"मले पटलं नाही हे," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "नापास झाली तं पाह्यतो."

"पाहा."

"सहदेवभाऊ, शोभून राह्यलं बरं!" गीताबाई ओरडल्या. मामाजींनी मागं वळून पाहिलं नाही. सासूबाई पुटपुटत त्यांच्या मागं गेल्या.

गल्ली रिकामी झाली. मैत्री पिता पिता झोपली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातला दुधाचा थेंब मी पदरानं टिपला. आता मनातल्या मनात वाचलं असतं तरी चाललं असतं.

मी पुढचा धडा उघडला आणि तोही मोठ्यानंच वाचला.