दुसरी टाळी

नवा तांदूळ घरात आला त्या दिवसापासून तोमिएने भात शिजवला नव्हता.

तिच्या भावाने शेतावरून आणलेलं पोतं ओट्याशी तसंच उभं होतं. पोत्याच्या तोंडातून ओल्या गवतासारखा कोवळा वास स्वयंपाकघरभर दरवळायचा, आणि तोमिए त्याच्याकडे पाठ करून रताळी उकडायला लावायची. देवाला दाखवल्याशिवाय नवा दाणा तोंडात घालायचा नाही, हे तिच्या लेखी श्वास घेण्याइतकं साधं होतं. आणि देव तर झाकलेले होते.

भिंतीवर उंच बसवलेल्या देवांच्या फळीवर पांढरा कागद डकवलेला होता. भर उन्हाळ्यात, बाजारात भाजी निवडता निवडता तोमिएची मुलगी सायो कोसळली ती पुन्हा उठलीच नाही, त्या संध्याकाळी शेजारच्या गोंदाने तो डकवला होता. सुतकात देव झाकायचे, आणि घरच्यांचे हात सुतकातले. हे काम परक्यानेच करायचं. पुढे पन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. पुजारी आले आणि ‘आता कागद काढायला हरकत नाही’ असं सांगून गेले. सायोच्या नवऱ्याने, रेइजीने, मान डोलावली. कागद मात्र जिथल्या तिथे राहिला. तोमिएच्या गुडघ्यांना स्टूल चढवत नव्हतं, आणि तिच्या या घरजावयाला ते चढावंसं वाटत नव्हतं.

कागद त्याच्याच हातचा होता. नदीपलीकडच्या कारखान्यात तो हौदातल्या लगद्यातून चौकटीने एकेक ताव उचलत असे. आपण उचललेला ताव एके दिवशी बायको आणि देव यांच्यामध्ये उभा राहील, हे तेव्हा त्याच्या हातांना कुठून कळावं?

लग्नानंतरची सगळी वर्षं त्याची सकाळ दोन टाळ्यांनी उजाडली होती. सायो स्टुलावर चढून फळीवर ताजं पाणी, मीठ आणि धुतलेले तांदूळ ठेवायची, दोनदा वाकायची आणि टाळ्या वाजवायची. पहिली टाळी स्वच्छ, कोरडी. मग एक फट. मग दुसरी, थोडी उशिरा, थोडी मऊ. अंथरुणात डोळे मिटून पडलेला रेइजी त्या फटीत कान लावून असायचा. आभार मानून झाल्यावर ती तिथे काहीतरी मागते, असं त्याला वाटायचं. एकदा त्याने धीर करून विचारलंही होतं.

“दुसऱ्याचं देवाशी चाललेलं बोलणं चोरून ऐकणाऱ्याचे कान झडतात,” ती हसत म्हणाली होती. “आणि आधीच कान तेवढे बरे आहेत तुझे.”

पुन्हा विचारायचं राहून गेलं. सुतकात टाळीचा आवाज करायचा नसतो. तळहात नुसते अलगद टेकवायचे. सायोच्या तसबिरीपुढे तो रोज तशीच मुकी टाळी वाजवत आला होता. सुतक फिटलं तरी त्याच्या हातांना आवाज फुटला नव्हता. मुक्या टाळीमध्ये त्याला ती फट हवी तेवढी लांबवता येत होती.

त्या रविवारी सकाळी ताटलीत पुन्हा रताळी आली.

“आई, भात करा ना आता,” तो खाली मान घालून म्हणाला. “कोण बघतंय?”

“तेच म्हणते मी. कोणीच बघत नाहीये. तू त्यांच्या डोळ्यांवर कागद चिकटवून ठेवलायस.”

“मी नाही, गोंदाकाकांनी.”

“गोंदाने चिकटवला, तू जपतोयस.” तोमिएने रताळ्याचं साल ओढून काढलं. “माझा कागद शंभर वर्षं टिकतो म्हणून गावभर सांगत फिरतोस. मी नाही रे टिकणार तेवढी.”

त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

“इतके दिवस जेवतेय,” ती आवाज उतरवून म्हणाली, “पण कुणाच्या तरी घरी पोटभर जेवावं आणि ‘येते’ असंही न म्हणता उठून यावं, तसं वाटतं बघ. घास खाली उतरतो, पण नीट बसत नाही.”

“कागद काढला की संपलं, आई.”

“काय संपलं?”

तोमिएने कोपऱ्यातलं स्टूल पायाने फळीखाली सरकवलं, ते दोन्ही हातांनी धरलं आणि वाट पाहत उभी राहिली. तिचं ते वाकून उभं राहणं त्याला बघवेना. तो चढला.

कागदाची कड नखाने उचलताना त्याला त्याचा पोत ओळखू आला. एका कोपऱ्यात धागा किंचित दाटला होता. हा ताव उचलला त्या दिवशी चौकट हलवताना त्याचं लक्ष नसावं. ताव अलगद सुटून हातात आला, आणि रेइजी आहे तिथेच थांबला.

“काय रे? काय झालं?”

“आई... सगळं तसंच आहे.”

कागद लावण्याआधी फळीवरचं सगळं उतरवून घ्यायचं असतं. त्या दिवशीच्या धावपळीत गोंदा ते साफ विसरला होता. देवाला वाहिलेली साकाकीच्या झाडाची डहाळी वाळून काळी पडली होती. पाण्याच्या वाटीत पाणी नव्हतं, फक्त तळाशी एक पांढुरकं कडं उरलं होतं. आणि बशीत, धुळीने मंद झालेले, सायोने तिच्या शेवटच्या सकाळी वाहिलेले तांदूळ होते. चिमूटभर. मधोमध तिच्या बोटांनी केलेलं टोक अजून मोडलं नव्हतं.

“गाढव आहे तो गोंदा,” तोमिए म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून तिने डोळ्यांना बाहीच लावली.

बशी छातीशी धरून रेइजी खाली उतरला. तो कागद जमिनीवर पसरून त्याने तांदूळ त्यावर ओतले आणि घड्या घालायला सुरुवात केली. दाणा सांडणार नाही अशी पुडी बांधणं त्याच्या बोटांना सहज जमत होतं. शंभर वर्षं.

“ठेवणार आहेस?” तोमिएने विचारलं.

त्याने मान डोलावली.

“ठेव. तुझी बायको होती.” ती ओट्याकडे गेली, पोत्यातला तांदूळ मापाने काढून पाण्याखाली धरला. पाठमोरीच म्हणाली, “फक्त एवढंच की, देवापुढून उतरवलेलं आपण खायचं असतं. जपून ठेवायला दिलेलं नसतं ते. ती रोज संध्याकाळी ते उतरवून कुणाच्या भातात घालायची, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. तरी त्याने कधी त्याचा विचार केला नव्हता. म्हणजे रोज रात्री तो तिच्या बोटांतले दाणे खात आला होता, आणि त्यातले कोणते तिचे हे त्याने एकदाही शोधलं नव्हतं.

पुडी हातात घेऊन तो बराच वेळ बसला. पाण्याचा आवाज थांबला होता. तोमिए तांदूळ पुन्हा पुन्हा उगाचच निवडत होती. शेवटी तो उठला. पुडी उलगडून त्याने ते दाणे तिच्या परातीत सोडले. क्षणभर ते वेगळे, पिवळसर दिसले. मग तोमिएने हात फिरवला आणि ते नाहीसे झाले.

तिने त्यातलीच एक चिमूट बशीत घालून दिली. “आधी त्यांना दाखव. मग झाकण ठेवते.”

फळी पुसून त्याने नवं पाणी, मीठ आणि तांदूळ ठेवले. स्टुलावर उभं राहून दोनदा वाकला. सवयीने तळहात अलगद टेकणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, “इथे ऐकू आली पाहिजे हं!”

त्याने टाळी वाजवली. हौदाच्या पाण्याने फुगलेल्या, जाड हातांची ती टाळी बोथट होती. सायोच्या टाळीसारखी मुळीच नव्हती. दुसरीसाठी हात उघडले आणि स्टूल डुगडुगलं. एक पाय आखूड होता. तोल सावरायला तो चवड्यांवर उचलला गेला, श्वास रोखला गेला, आणि मगच हात पुन्हा एकमेकांना भेटले. थोडे उशिरा. थोडे मऊ.

तो तसाच उभा राहिला. इतकी वर्षं अंथरुणातून ऐकलेली ती फट एवढीच होती. तिथे मागणं नव्हतं. फक्त स्वतःला पडू न देता उभं राहणं होतं.

“स्टुलाचा पाय अजून दुरुस्त केला नाहीस ना?” तोमिएने विचारलं. “ती तुला कधीची सांगणार होती.”

“नाही केला.”

भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज झाला.

“राहू दे तसाच,” ती म्हणाली. “उतर आता. भाताला वेळ आहे, पण तू वाट्या तरी काढून ठेव.”

तो उतरला आणि वाट्या काढल्या. सवयीने तीन आल्या हातात. त्याने तिसरी, सायोची, परत ठेवली नाही. तिच्यात पाणी भरलं आणि त्यात ठेवायला साकाकीची नवी डहाळी कापायला तो अंगणात गेला.