कोमट पाण्याचा तांब्या

जगदेवच्या कातडीला दाढी सोसत नसे. वस्तरा फिरला की दुसऱ्या दिवशी गळाभर लाल पुळ्या. लग्न होऊन आल्यावर प्रयागबाईनं हळूहळू त्याचा बंदोबस्त केला होता. आधी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गालांवर ठेवून केस चांगले मऊ होऊ द्यायचे, वस्तरा केसांच्या कलानंच चालवायचा, शेवटी तुरटी. गावचा न्हावी रामधन आपली हत्यारांची धोकटी उघडता उघडता म्हणायचा, "वैनी, माही अर्धी धोकटी तुमच्याच चुलीवर हाये."

तरी मागच्या साली घाईत एकदा उलटा हात फिरला आणि मानेवर गळू झालं. वाशीमच्या डॉक्टरांनी ते फोडलं आणि बजावलं, हे तोंडावर झालं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.

सासरे वारले तेव्हा प्रयागबाईला ते शब्द आठवले. दहाव्याला पैनगंगेच्या काठी भाऊबंदांचं मुंडण होणार, आणि बाप गेला म्हणजे मिशीही जाणार. जगदेवच्या वरच्या ओठानं आजवर वस्तरा पाहिला नव्हता. त्यात सुतकाचं पाणी नदीचं, थंडगार. तेल नाही, तुरटी नाही. वस्तरा एकच; आधी थोरले दीर रामकिसन, मग चुलत सासरे उकंडराव काका आणि वयानं मोठी सगळी माणसं. धाकट्या जगदेवची पाळी येईस्तोवर धार बोथट.

बायकांनी त्या दिवशी काठावर जायचं नसतं. तिनं रामधनला मागच्या दारी बोलावलं.

"तांब्याभर कोमट पाणी देतो, फडक्यात गुंडाळून," ती म्हणाली. "घरधन्याच्या पाळीले वस्तऱ्याले धार लावजा. तेवढं करसान ना, भाऊ?"

"उकंडराव काकानं पाह्यलं तं धोकटी नदीत फेकतीन माही," रामधन म्हणाला. पण तांब्या त्यानं नेला.

दुपारी तांब्या परत आला. मागून जगदेव आला, डोकं, गाल, ओठ सोलून काढल्यासारखे. प्रयागबाईनं तांब्यात हात घालून पाहिला. थेंबही उरला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा ती त्या दिवशी पोटभर जेवली.

दोन दिवसांनी वरच्या ओठावर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी आली. जगदेवनं ती नखानं फोडली. सांजेपर्यंत सूज डोळ्याला जाऊन भिडली, अंग तापानं फणफणलं. रक्तात उतरलेलं असलं विष मारणारं औषध तेव्हा आपल्याकडं आलेलं नव्हतं. रामकिसननं छकडा जुंपला आणि तिघं वाशीमच्या वाटेला लागली.

वाटेत जगदेव सुजल्या ओठांनी बोलला. "ते पाणी मी वापरलंच नाई."

"मंग तांब्या रिकामा कसा आला?"

"वाळूत ओतला." तो दम खात राहिला. "रामधननं फडकं सोडलं तं उकंडराव काका साऱ्यायसमोर म्हणे, बाप मेला तरी याले बायकोचं ऊन पाणी लागते! याची मिशी काढून राह्यले का बाळंतपण करून राह्यले? सारे हासले. मंग मीनंच ओतला, माह्या हातानं."

"हासले तं हासू द्या लागत होते," ती म्हणाली. "कायले ओतलं?"

पुढं बसलेल्या रामकिसनची पाठ ताठ झाली होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्या दिवशी तोही हसला होता.

दवाखान्याच्या पायरीशी पोचले तेव्हा जगदेव बायकोला ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच छकड्यातून ती त्याला घेऊन परतली.

त्याच्या दहाव्याला सकाळी रामधन मागच्या दारी येऊन उभा राहिला. मान खाली.

"वैनी, काकानं पाणी मांगतलं."

"कायचं पाणी?"

"कोमट. हंडाभर, साऱ्यायसाठी. फडके बी द्या म्हणे."

प्रयागबाई उंबऱ्याशी बसली. घरात पुरुषमाणूस कोणी नव्हतं. सगळे नदीवर गेलेले. रामधन जागचा हलला नाही. मग ती उठली. चूल पेटवली, हंडा चढवला. पाणी तापलं तेव्हा नेहमीसारखा मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहिला. एरवी तो बांगड्यांना अडायचा. आता सरळ कोपरापर्यंत ओघळला. जरा चटका बसला. एवढं ऊन गालाला सोसलं नसतं. तिनं गार पाणी मिसळलं, पुन्हा पाहिलं आणि हंडा रामधनच्या पुढं सरकवला.

"लवकर न्या," ती म्हणाली. "पाणी निवून जाईन."